वर्गमुळाचं छप्पर

वन्सं, जरा जवळ या बघू. अहं, तिथूनच "हं, हं" करू नका. फोन हातात घ्या, कानाशी धरा आणि त्यातली ती बाई काय वाचते आहे ते नीट ऐका. मी रागावले आहे तुमच्यावर. जास्त नाही, पण रागावले आहे. स्वतःच्या घरी यायचं तर माणूस "बघू, जमलं तर" म्हणतो का? हे म्हणजे दूरच्या नातेवाइकांनी लग्नपत्रिकेला द्यायचं उत्तर झालं. या महिन्यात तीनदा विचारलं मी. तिन्ही वेळा तुम्ही विषय बदललात. एकदा तर सरळ "तुरीची डाळ हल्ली शिजतच नाही" यावर गेलात.

दुसरं कोणी हे वाचत असेल तर त्यांनाही काही कळायला हवं, म्हणून आधी सांगून टाकते. वन्सं म्हणजे माझ्या नणंदबाई, आमच्या यांची धाकटी बहीण. ऐन विशीत एकट्या झाल्या, लेकीला घेऊन इंदूरला माहेरी आल्या आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागल्या. वरच्या दोन खोल्या त्यांच्या, स्वयंपाकघर मात्र दोघींचं एकच. वयानं मी त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, पण नात्यानं वहिनी. त्यामुळे आयुष्यभर दोघी एकमेकींना अहो-जाहो करत आलो. आता त्या पुण्याला लेकीकडे असतात. दीड वर्ष होऊन गेलं.

मी इंदूरजवळच्या सांवेरची. शिक्षण आठवी, तेही हिंदी शाळेत. घरात मराठी, बाहेर मालवी, पाटीवर हिंदी. गणित म्हणजे मास्टरजींची छडी, बस, एवढीच ओळख. लग्न होऊन इथे आले तर संध्याकाळी वन्सं जेवणाच्या टेबलावर वह्यांचा गठ्ठा घेऊन तपासायला बसायच्या आणि मी समोर मटार सोलायला. वह्यांचं तोंड त्यांच्याकडे, म्हणजे मला सगळं उलटं दिसायचं. त्या उलट्या वह्यांतून मी बीजगणित शिकले, सही में. एक दिवस राहवलं नाही, म्हटलं, "वन्सं, या मुलीनं पलीकडे नेताना उण्याचं अधिक केलं नाही वाटतं."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुम्हाला उलटं वाचता येतं?"

"सुलटं येतं की नाही ते माहीत नाही," मी म्हटलं.

त्या दिवसापासून खुर्ची फिरली. मी त्यांच्या शेजारी बसायला लागले. मटारही शेजारी आले.

हे सगळं जुनं. खरी गोष्ट सुरू झाली त्या रिटायर झाल्यावर, म्हणजे बऱ्याच वर्षांनी. इंटरनेटवर तो ज्ञानकोश आहे ना, ज्यात कोणीही जाऊन लिहावं आणि कोणीही येऊन दुरुस्त करावं, तो मराठीतही आहे. शेजारच्या मुलीला काही दाखवायचं म्हणून वन्सं वर्तुळाचं पान उघडून बसल्या आणि तिथूनच ओरडल्या, "वहिनी, तीन ओळी! वर्तुळाला तीन ओळी! आपल्या नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या बोर्डावर याहून जास्त मजकूर असतो!"

झालं. आमच्या मुलानं मागे सोडलेला जुना कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर आला. वन्संचा हात लाल पेनाचा, टायपिंग त्यांना जमेना. मला जमायचं, भजनी मंडळाच्या सूचना फोनवर मीच टाकायची ना. मग त्यांनी सांगायचं आणि मी टाइप करायचं. दुपारचा चहा झाला की दोघी जागेवर. हे पेपरामागून म्हणायचे, "सगळं इंदूर पोहे खातं भिया, आमच्या घरात कंस खातात."

आता कंसांचं सांगते. तिथे सूत्र असं सरळ लिहून चालत नाही. आधी एक खूण करायची, म्हणजे यंत्राला कळतं की इथून गणित सुरू झालं. मग उलटी तिरपी रेघ, मग इंग्रजीत अपूर्णांकाचा हुकूम, मग महिरपी कंसात वरचं, महिरपी कंसात खालचं. एक कंस मिटायचा राहिला की सूत्राच्या जागी लालभडक ओळ. आकडे मराठीत टाकले की लगेच लाल. पहिल्या दिवशी तर मी सगळे आकडे मराठीतच टाकले आणि अख्खं पान लाल झालं. वन्सं बघत राहिल्या. "इतकं लाल मी ढ वर्गालासुद्धा केलं नाही कधी," म्हणाल्या.

आणि माझी सांवेरची हिंदी मधेमधे यायचीच. मी खुशाल "समकोण त्रिभुज" लिहून मोकळी. त्या डोळे मिटून घ्यायच्या. "काटकोन त्रिकोण, वहिनी, काटकोन त्रिकोण! हे मराठी पान आहे, सांवेरच्या बसची पाटी नाही."

त्या ज्ञानकोशात सरावासाठी एक कोरं पान मिळतं, काही चुकलं तरी कुणाचं बिघडत नाही. त्याला मराठीत धूळपाटी म्हणतात. वन्संना हा शब्द इतका आवडला की त्यांनी टेबलालाच ते नाव ठेवलं. "वहिनी, धूळपाटीवरची कढई उचला."

सूत्र सांगायची त्यांची एक रीत होती, फळ्यावर लिहिता लिहिता वर्षानुवर्षं घडलेली. अपूर्णांक आला की म्हणायच्या, "जिना चढा." वरचं संपलं की "खाली उतरा." वर्गमूळ आलं की "छप्पर टाका," आणि वर्गमुळाच्या आत जे जायचं ते गेलं की "भिंत घाला." म्हणजे इथे छप्पर संपलं, पुढचं सगळं बाहेर, उघड्यावर. भिंत घालायला मी विसरले तर टेबलावर टिचकी. मला सूत्रं कळली ती अशी, घर बांधल्यासारखी. वर्तुळाचं पान झालं, वर्गसमीकरणाचं झालं, लसावि-मसावि झाले, समांतर रेषा झाल्या. चक्रीय चौकोन अर्धा झाला.

तो अर्धाच राहिला.

वर्गसमीकरणाची एक सिद्धता चौकोन अर्ध्यावर असताना आम्ही पुन्हा नीट करत होतो, तेव्हाची गोष्ट. माझ्याकडून उण्याच्या जागी अधिक पडलं होतं. ते माझ्या लगेच लक्षात आलं, पण मी गप्प बसले. टिचकीची वाट बघत होते, सवयच तशी. वन्सं पडद्याजवळ वाकल्या, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पुढे चला."

ज्या बाईनं उलट्या वहीत मी पकडलेली चूकसुद्धा दोनदा तपासून घेतली होती, ती "ठीक आहे" म्हणत होती.

दुसऱ्याच दिवशी पलासियाला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, डोळ्याच्या आतला मधला भाग झिजला आहे, कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. येताना रिक्षात वन्सं हसून म्हणाल्या, "म्हणजे बघावं ते दिसणार नाही आणि बघू नये तेवढं दिसेल. आपल्या चौकातल्या बायकांसारखं झालं माझं." मी हसले नाही. त्यांनी माझ्या हातावर थाप मारली. "हसा हो. चौकोनाचं किती राहिलं?"

पण त्यानंतर त्या टेबलापाशी कमी कमी बसायला लागल्या. मी विचारायची, त्या म्हणायच्या, "आज नको, डोकं दुखतंय." मग लेक आली आणि घेऊन गेली. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. वरचा जिना अरुंद, आमची दोघांची वयं ही अशी, तिला फिकर असणारच. निघताना मी फळ्यावरचा त्यांचा लाकडी कंपास कापडात गुंडाळून बॅगेत ठेवला होता. त्यांनी चाचपून बाहेर काढला. "तिथे काय करू? असू दे इथेच खिळ्याला." आणि दारातून वळून म्हणाल्या, "आता गणित तुमचं, वहिनी. माझं संपलं."

वन्सं, या वाक्याचा राग आहे मला. न येण्याचा नाही इतका. हे तुम्ही कुठल्या हक्कानं म्हणालात?

त्या गेल्यावरही दुपारी चहा करायची ती तीन कपांचं आधण ठेवायची. मग उरलेला यांना द्यायची, हे दोन कप प्यायचे. कॉम्प्युटर लावायची, चौकोनाचं पान उघडायची, बंद करायची. सांगायला कोणी नसलं की हात कसे चालणार? ओठाशी "छप्पर टाका" यायचं आणि आवाज माझाच निघायचा.

मग लेकीनं वन्संना तो फोन दिला, जो लिहिलेलं वाचून दाखवतो. मला वाटलं, चला, देव पावला. पेपर ऐकतील, गोष्टी ऐकतील आणि आपली पानंही ऐकतील. आठवड्यानं मीच विचारलं, "ऐकलंत का आपलं वर्गसमीकरण?"

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "मजकूर छान वाचते हो बाई. सूत्र आलं की मात्र अंगात येतं तिच्या. आधी 'डिस्प्लेस्टाइल' म्हणून किंचाळते, मग बॅकस्लॅश काय, कंस काय, पुन्हा बॅकस्लॅश काय. मी बंद केलं." वर म्हणाल्या, "राहू दे. तुम्हाला म्हटलं ना, संपलं ते."

मी फोन ठेवला, आपलं पान उघडलं आणि माझ्याही फोनला ते वाचायला लावलं. खरंच होतं. आम्ही यंत्रासाठी जे हुकूम लिहिले होते, तेच ती बाई जसेच्या तसे वाचत होती. डोळ्याला सुंदर सूत्र आणि कानाला कचरा. आणि तो कचरा मीच माझ्या हातानं टाइप केला होता, एकेक कंस.

मग मी एक उद्योग केला. वर्गसमीकरणाच्या पानावर प्रत्येक सूत्राखाली ते शब्दांत लिहिलं. कसं लिहिलं? मला जसं येत होतं तसं. "जिना चढा. उणे बी, अधिक किंवा उणे, छप्पर टाका, बी वर्ग उणे चार ए सी, भिंत घाला. खाली उतरा. दोन ए." सगळ्या पानभर हेच. संध्याकाळपर्यंत इतकं हलकं वाटलं मला!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर सगळं काढून टाकलेलं. तिथे एक संपादक आहेत, पुरुष की बाई आजवर कळलेलं नाही, मी आपली दादा म्हणते. त्यांनी चर्चेच्या पानावर लिहिलं होतं, "सूत्रांखालील मजकूर अनावश्यक वाटल्याने वगळला आहे. छप्पर या संज्ञेचा संदर्भ द्यावा."

मी लिहिलं, "दादा, संदर्भ पुण्याला लेकीकडे असतो."

त्यांना गंमत कळली नाही, बिचाऱ्यांना. त्यांचं उत्तर आलं की ज्ञानकोश एका व्यक्तीसाठी लिहिला जात नाही. त्यावर मात्र मी सगळं लिहिलं. कोणी सांगायचं, कोणी टाइप करायचं, डोळे कसे गेले, ती बाई सूत्र आलं की कशी किंचाळते. शेवटी लिहिलं, "नियम तुमचा बरोबर आहे. पण मराठीत गणित ऐकणारी माझी नणंद एकटीच आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

तीन दिवस काही नाही. मी मनात त्यांना बरंच काही म्हणून घेतलं, ते लिहीत नाही. चौथ्या दिवशी उत्तर आलं, लांबलचक आणि किती नीट समजावून! सूत्र सुरू होण्याची जी खूण असते ना, तिच्याच आत शब्द ठेवायची एक जागा असते. तिथे लिहिलेलं पानावर कुणाला दिसत नाही. पण वाचून दाखवणाऱ्या आवाजाला ते मिळतं, मग तो हुकूम वाचत नाही, हे शब्द वाचतो. नमुन्यादाखल एक सूत्र त्यांनी स्वतःच करून ठेवलं होतं. खाली लिहिलं होतं, "आमच्यापैकी कुणी हे मराठीत केलेलं माझ्या पाहण्यात नाही. छप्पर आणि जिना मात्र नको, सगळ्यांना कळेल असं लिहा. मदत लागली तर सांगा."

छप्पर सोडायला जिवावर आलं माझ्या. पण दादांचं खरं होतं, दुसऱ्या गावच्या ऐकणाऱ्याला काय कळणार? मग "वर्गमूळ सुरू" आणि "वर्गमूळ संपलं" असं ठरवलं. "अंश" आणि "छेद" म्हटलं. पुढचा दीड महिना मी तेच केलं, रोज दुपारी. पान उघडून बघाल तर काडीचा फरक दिसणार नाही. हे म्हणाले, "आज काय केलंस?" मी म्हटलं, "दिसत नाही असं काहीतरी." हे म्हणाले, "मग जेवणात पण तेच झालंय वाटतं, मीठ दिसत नाही."

वन्संना मी काहीच सांगितलं नाही. तुमच्यासाठी केलं म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, मानी बाई आहे. नुसतं म्हटलं, "दादांनी पानात काही फेरफार केलेत, मला काही कळत नाही. एकदा ऐकून सांगाल?" खोटंच. पण इतकं खोटं वहिनीला चालतं.

दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी मी भेंडी चिरत होते, फोन वाजला, उचलला आणि हॅलो म्हणायच्या आत पलीकडून आवाज आला, चांगला फळ्यासमोरचा आवाज:

"अगं, भिंत कुठाय?"

"कोण बोलतंय?" म्हटलं मी, खरंच.

"मी बोलतेय, अजून कोण! वर्गसमीकरणाचं सातवं सूत्र. छप्पर टाकलंस आणि भिंत घातलीच नाहीस. आता तो दोन ए पण छपराखाली जाऊन बसलाय! मुलं काय समजतील ऐकून?"

मी विळी बाजूला सरकवली आणि पान उघडलं. सातवं सूत्र. "वर्गमूळ सुरू" होतं. "वर्गमूळ संपलं" लिहायचं राहिलं होतं. डोळ्यांनी कुणाला ते सापडलं नसतं, पानावर दिसतच नाही तर सापडणार कसं? ते कानानंच सापडायचं होतं. मी घातली भिंत. म्हटलं, "घातली हो."

मग पलीकडून त्या हळूच म्हणाल्या, "मी मघाशी तुम्हाला अगं म्हटलं का?"

"म्हटलंत."

"पन्नास वर्षांत पहिल्यांदा."

"मग काय झालं, भेंडीला कळलं नाही," मी म्हटलं. दोघी हसत होतो की आणखी काही, ते फोनवर नीट कळत नाही.

त्यानंतर त्यांनी एकेक पान ऐकलं. समांतर रेषांत दोन चुका काढल्या, मसाविमध्ये एक. मग चक्रीय चौकोनाशी येऊन थांबलो, कारण तो अर्धाच आहे आणि त्याला आकृती आहे. आकृती फोनवर सांगता येत नाही हो. कोणता कोन समोरचा, कोणता शेजारचा, टेबलावर बोट फिरवून दाखवावं लागतं. म्हणून म्हटलं या. तर तुमची तुरीची डाळ.

शेवटी परवा जोर केला तेव्हा खरं बोललात. म्हणालात, "वहिनी, घर दिसणार नाही मला. डोळ्यांपुढे आहे तसं राहू दे. तिथे येऊन दाराला धडकत फिरू?"

तेव्हा भाजी लागायला आली होती, फोन ठेवला. आता सांगते, ऐका, नीट ऐका.

फाटक सुरू. तीन पावलं. ओटा सुरू, दोन पायऱ्या, दुसरी जरा उंच, ओटा संपला. दार. उजव्या हाताला चपलांचा खण, तिथे पाय लागतो, मी तो काढून ठेवते. नंतर बारा पावलं, मी काल मोजली, डोळे मिटून मोजली, ह्यांनी विचारलं वेडबिड लागलंय का. बाराव्या पावलाला टेबल, तुमची खुर्ची भिंतीकडची, कंपास तिच्या डोक्यावर खिळ्याला, हात वर केला की लागेल. तुमचं अंथरूण आता खालच्या खोलीत घातलं आहे, जिना चढायचाच नाही. कुठे काय सुरू होतं आणि कुठे संपतं ते मी सांगत जाईन आणि माझी एखादी भिंत राहिली तर तुम्ही ओरडा, अगं म्हणून ओरडा. तुम्ही मला इतकी वर्षं असंच शिकवलंत, मला काही जड जाणार नाही.

लेकीशी मी बोलले आहे, ती सोडायला येते म्हणाली, फक्त तुम्ही हो म्हणायची देर आहे. मटार आले आहेत बाजारात. ते संपायच्या आत या, वन्सं.